रविवारी बंद असणारं यंत्र

नोकरीतली पुष्कळ प्रकरणं विसरलो, हे एक मात्र मनातून जात नाही. तंजावूरच्या सायबर ठाण्यात मी निरीक्षक होतो. सोमवारी सकाळी स्टेशन डायरीवर सही करतो न करतो, तोच एका लहानशा कंपनीचा व्यवस्थापक फिर्याद घेऊन आला. डायलिसिस केंद्रांतल्या रुग्णांच्या नोंदी ही कंपनी सांभाळत असे. नोंदी क्लाउडवर, म्हणजे दूर कुठेतरी भाड्याने घेतलेल्या संगणकांवर होत्या. रविवारी दुपारी कोणीतरी त्या साफ पुसल्या होत्या.

कोणीतरी कशाला, नाव त्याने तयारच आणलं होतं. हे सगळं काम पाहणारी एकच मुलगी होती, तिरुवैयारूहून रोज बसने येणारी. पुसण्याचा हुकूम तिच्या किल्लीने, म्हणजे तिच्या गुप्त संकेताने दिला गेला होता. पुरावा म्हणून एक छापील पानही त्याने जोडलं होतं. आपण स्वतः शनिवारपासून कामाच्या संगणकाला हात लावलेला नाही, असा जबाब त्याने सही करून दिला. मला प्रकरण सोपं वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

मुलीला बोलावून घेतलं. आडनावावरून कळलं, आमच्यातलीच, तंजावूरची मराठी. मी प्रश्न सुरू करण्याआधीच ती म्हणाली, "सार, विचारायचं ते मागून विचारा. ओरत्तनाडूच्या केंद्रात पेशंट बसून आहेत. आधी नोंदी आणून देते."

जिच्यावर संशय तिच्याच हाती संगणक द्यायचा? हवालदार माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. मलाही राग आला, पण रुग्ण खरंच खोळंबले होते. तिच्या दोन्ही बाजूंना माणसं बसवून परवानगी दिली. दुसऱ्या शहरातल्या संगणकांवर ती रोज नक्कल ठेवत असे. नुसती ठेवून थांबत नसे, दर शुक्रवारी उघडून ती चालते का हेही पाहत असे. तासाभरात ओरत्तनाडूच्या डॉक्टरांचा फोन आला, सगळ्या नोंदी दिसू लागल्या होत्या.

मग तिने मी न मागताच आणखी एक गोष्ट उघडली. कोणी, कधी, काय केलं याची क्लाउडवर आपोआप नोंदवही लिहिली जाते. कंपनीतली नोंदवहीही पुसली गेली होती, व्यवस्थापकाने जोडलेल्या त्या एका छापील पानापुरतीच उरली होती. हिने मात्र तिची दुसरी प्रत अशा जागी ठेवली होती, की तिथलं एक अक्षरही तिला स्वतःला खोडता येत नव्हतं. पुसण्याच्या हुकमाच्या ओळीत बोट तिने आधी ठेवलं ते स्वतःच्याच नावावर.

अशी सोय का केली, मी विचारलं.

"माझ्या हातांत अस्कं नक्को मणून," ती म्हणाली. अस्कं म्हणजे सगळं; आमच्या घरांत हा शब्द अजून चालतो. मुद्देमालाच्या खोलीची किल्ली तेव्हा एकट्या माझ्या खिशात असायची, म्हणून असेल, तिचं बोलणं मला चांगलंच लागलं.

पुसण्याचा हुकूम चाचणीसाठी ठेवलेल्या एका यंत्रावरून, म्हणजे तशाच एका भाड्याच्या संगणकावरून गेला होता. ते पाहून ती थबकली. खर्च वाचावा म्हणून हे यंत्र शनिवारी संध्याकाळी आपोआप बंद होऊन सोमवारी सुरू व्हावं, असं तिनेच लावून ठेवलं होतं. मग रविवारी ते सुरू कोणी केलं? नोंदवहीत थोडं वर उत्तर होतं, आणि नाव व्यवस्थापकाचं होतं. तिची किल्ली त्याला त्याच यंत्रावर सापडली होती. "सोयीसाठी तिथं ठेवली होती. ती चूक माझीच, सार." हेही मी विचारलं नव्हतं.

व्यवस्थापकाला पुन्हा समोर बसवलं. त्याचा सहीचा जबाब आणि ही नोंदवही शेजारी शेजारी ठेवली. त्याने दोनदा पाणी मागितलं आणि मग बोलता झाला. रुग्णांची माहिती त्याने परस्पर एका बाहेरच्या कंपनीला दिली होती, आणि मुलीने ते कंपनीच्या मालकाला लेखी कळवलं होतं. तिलाच गुन्हेगार ठरवलं की तिच्या तक्रारीला किंमत उरणार नव्हती. संध्याकाळी त्याला अटक झाली.

दुसऱ्या दिवशी मी मुद्देमालाच्या खोलीला दुसरं कुलूप लावलं आणि त्याची किल्ली ठाण्याच्या लेखनिकाकडे दिली. त्या मुलीबद्दल मला आजही आदर वाटतो. हुशार माणसं मी खूप पाहिली, स्वतःला सूट न देणारी फार थोडी.

एक गोष्ट मात्र तिला कधी सांगितली नाही. ती ठाण्यात येण्याआधीच अटकेचा कागद मी भरून ठेवला होता, तिच्या नावाने. तिने स्वतःच्या नावाची ओळ मला आपणहून दाखवली, आणि तो कागद सगळा वेळ माझ्या खणात होता.