विष्णुपंतांनी नैवेद्य का सोडला

कळमनुरीच्या विष्णुपंतांनी अडुसष्ट वर्षांत हॉटेलचा घास तोंडात घातला नव्हता. तहसिलात कारकुनी केली तेव्हाही बाकीची माणसं दुपारी समोरच्या टपरीवर भजी खायला जायची आणि हे फायली बाजूला सारून घरचा डबा उघडायचे. त्यात कुणाला कमी लेखायचा भाव नव्हता. गल्लीतल्या रामाच्या देवळाची पूजा त्यांच्या घराण्याकडे. नैवेद्य ज्याच्या हातचा, त्यानं बाहेरचं खायचं नाही, असा घरचा नियम. वडील गेल्यावर थोरला म्हणून नैवेद्य त्यांच्याकडे आला, तो नियमासकट.

बायको पद्मजाबाई वारल्या, तेव्हा मुलगी अपर्णा म्हणाली, "अण्णा, तीन महिने तरी माझ्याकडे या." ती जर्मनीत फुल्डा गावी राहायची. नवरा विश्वजीत, पाच वर्षांचा श्रेयस आणि तीन वर्षांची नीलांबरी. विष्णुपंतांनी नैवेद्य धाकट्या भावाकडे, धुंडिराजकडे सोपवला आणि दशम्यांचा डबा घेऊन विमानात बसले.

तिथं दर रविवारी विश्वजीत सगळ्यांना बाहेर जेवायला न्यायचा. विष्णुपंतही जायचे. पाण्याचा ग्लास पुढ्यात घेऊन बसायचे, नीलूचं तोंड पुसायचे, श्रेयसनं खाली पाडलेला चमचा उचलायचे आणि घरी येऊन स्वतःपुरती खिचडी टाकायचे. जावयानं कधी आग्रह केला नाही. "अण्णा, तुम्ही सोबत बसता, तेवढं पुरे," एवढंच म्हणायचा.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी बर्फावरून सायकल घसरली आणि विश्वजीतच्या डोक्याला मार लागला. त्याला फ्रँकफुर्टच्या दवाखान्यात हलवलं. नातेवाइकांसाठी शेजारच्या इमारतीत एक खोली मिळाली. दोन पलंग आणि पाणी तापवायची किटली. स्वयंपाकाची सोय नाही. अपर्णा दिवसभर अतिदक्षता विभागाच्या दाराशी बसून असायची. लेकरं विष्णुपंतांच्या हवाली.

पहिले दोन दिवस ब्रेड आणि केळ्यांवर निघाले. तिसऱ्या दिवशी नीलूनं ब्रेड भिरकावला आणि "गरम पाहिजे" म्हणून हंबरडा फोडला. विष्णुपंतांनी दोघांना कोट चढवले, रस्ता ओलांडला आणि समोरच्या लहानशा हॉटेलात शिरले. एक म्हातारी बाई ते चालवत होती. तिनं हातात दिलेल्या मेनूकार्डावरचं एक अक्षर त्यांना कळेना. मग श्रेयसच बोलला. तिथल्या बालवाडीत जाणारं पोरगं, त्याला ती भाषा येत होती. "आबा, मी सांगितलं तिला, मांस नको, अंडं नको."

बाईनं बटाट्याच्या सूपच्या दोन वाट्या आणल्या. श्रेयसनं खायला सुरुवात केली. नीलूनं चमचा घट्ट धरून ठेवला.

"आबा, तू पण खा."

"मला भूक न्हाई, बाळा."

"मग मला पण नाही."

पोर हट्टाला पेटली. दोन दिवसांची अर्धपोटी, डोळे खोल गेलेले. विष्णुपंतांना पद्मजाबाई आठवल्या. नांदेडच्या दवाखान्यातून परतताना एकदाच त्या म्हणाल्या होत्या, "आज हाटेलात काही गरम खाऊ का?" विष्णुपंतांनी डबा पुढं केला होता. पद्मजाबाईंनी मुकाट्यानं गार दशमी खाल्ली होती. त्यानंतर महिनाभरच जगल्या.

सूप कशात शिजवलंय, हाडाच्या पाण्यात की साध्या, हे श्रेयसला विचारायला सांगता आलं असतं. त्यांनी सांगितलं नाही. चमचा उचलला आणि खाल्लं. नीलूनंही तोंड उघडलं.

मग रोजचंच झालं ते. रोज दुपारी तेच टेबल. विष्णुपंतांच्या पुढ्यात तिसरी वाटी. बाई नीलूसाठी खुर्चीवर उशी ठेवू लागली. एके दिवशी तिनं श्रेयसजवळ वाकून हळूच काही विचारलं. श्रेयस विष्णुपंतांकडे वळला.

"आबा, ती विचारते, बाबा बरा होणार का? काय सांगू?"

विष्णुपंत म्हणाले, "सांग, डॉक्टर खूप मेहनत करून राहिले." लेकरानं ते जसंच्या तसं सांगितलं.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी विश्वजीत गेला. अपर्णा त्याच्या उशाशी बसून राहिली, उठेना. दुपार झाली तशी नीलू आजोबांचा सदरा ओढू लागली. सुतक लागलेलं, बाप पलीकडच्या इमारतीत निजवलेला आणि लेकराला भूक लागलेली. विष्णुपंतांनी दोघांना कोट चढवले.

बाई नेहमीसारखी हसत पुढं आली. श्रेयस तिच्याशी दोन वाक्यं बोलला. काय शब्द वापरले, ते विष्णुपंतांना कळलं नाही, पुढंही कधी विचारवलं नाही. बाईनं हातातला फडका टेबलावर ठेवला, खुर्ची ओढली आणि लेकरांचं जेवण होईस्तोवर तिथंच बसून राहिली. तिघंही जेवले.

अपर्णा नोकरीसाठी तिथंच राहिली. विश्वजीतची आई मदतीला आली आणि विष्णुपंत एप्रिलात कळमनुरीला परतले. दुसऱ्या दिवशी पहाटे धुंडिराजनं सोवळं त्यांच्यापुढं ठेवलं. "घ्या दादा, तुमचं तुमी सांभाळा."

विष्णुपंतांनी हात लावला नाही. बसले आणि सगळं सांगितलं, सूपासकट.

धुंडिराज म्हणाला, "दादा, हे कोणाला माहीत हाय? काहून सांगून राहिले तुमी? येळच तशी होती. प्रायश्चित्त घ्या अन् मोकळे व्हा."

"प्रायश्चित्त पश्चात्तापाचं असतं, धुंड्या. मला पश्चात्ताप न्हाई. उद्या तीच येळ आली तर मी बराबर तेच करीन. मनात हे ठेवून देवापुढं नैवेद्य कसा ठेवू?"

"मग करणार काय तुमी?"

"झाडलोट करीन. समया घाशीन. नैवेद्य तू कर."

गल्लीत काही दिवस कुजबुज झाली. कुणी म्हणालं, परदेशात जाऊन बिघडले. कुणी म्हणालं, जावयाच्या दुःखानं डोकं फिरलं. विष्णुपंतांनी कुणालाच खुलासा दिला नाही. पहाटे झाडू घेऊन यायचे, सभामंडप लोटायचे, आरतीला पायरीपाशी उभे राहायचे. कधी कधी आरती अर्ध्यावर असताना त्यांचा आवाज बंद पडायचा. धुंडिराज वळून पाहायचा नाही.

पुढल्या वर्षी मे महिन्यात अपर्णा लेकरांना घेऊन आली. विष्णुपंत त्यांना आणायला नांदेडला गेले होते. दुपारी गाडी दारात थांबली. उन्हानं लाल झालेली लेकरं उतरली, मागून अपर्णा. धुंडिराज देवळातून सोवळ्यातच बाहेर आला.

"लेकरांनी काही खाल्लं का?" त्यानं विष्णुपंतांना विचारलं.

"खाल्लं. वाटेत हाटेलात उतरलो होतो."

"अन् तुमी?"

"मी बी त्यांच्यासंगं."

धुंडिराजनं वाकून दोन्ही हातांत दोन बॅगा उचलल्या आणि घराकडे चालू लागला. सोवळ्यात कशाला शिवायचं नसतं, हे त्याला काही कुणी सांगायला नको होतं.