क्रेगीबर्नचे वकीलसाहेब आणि भिंतीवरचे आजोबा

आमच्या ऑफिसात फायली कमी आणि किस्से जास्त. चहाची किटली उकळेपर्यंत नवा तयार! सगळ्यांचं मूळ एकच, आमचा बॉस विनूदादा. मूळचा सांगलीचा, आता इकडे परदेशात, क्रेगीबर्नमध्ये घरखरेदीची कागदपत्रं करणारा वकील आणि कौन्सिलच्या इलेक्शनला दोनदा पडलेला उमेदवार.

*

त्याला वेड लावलं एका जुन्या पुस्तकानं. दीडशे वर्षांपूर्वीच्या कुणा अमेरिकन वकिलाचं चरित्र. खेड्यातून आला, वकील झाला, निवडणुका हरत हरत शेवटी निवडून आला. दादानं त्याचा दाढीवाला फोटो मोठा करून ऑफिसात लावला. आम्ही त्याला आजोबा म्हणतो.

मग दादाची आई सांगलीहून आली. दाढीवाला म्हणजे कुणीतरी थोर, एवढं तिला पुरे होतं. तिनं गंध लावून हार घातला. पुढचा आठवडाभर येणारा प्रत्येक गोरा क्लायंट हळूच म्हणायचा, "सॉरी फॉर युअर लॉस, मेट."

दादा म्हणायचा, "नो वरीज. बरीच वर्षं झाली."

*

आजोबा भांडणं कोर्टाबाहेर मिटवायचे, म्हणून दादाही मिटवतो. कुंपणावरून भांडणारे दोन शेजारी आले, तर यानं दोघांना समोरासमोर बसवून मेधावहिनींची मिसळ खाऊ घातली. दोघांच्या नाकाडोळ्यांतून पाणी! एकमेकांना पाणी देता देता भांडण मिटलं. फी मागायची तेवढी राहिली.

वहिनी म्हणाल्या, "आजोबांच्या बायकोचं चरित्र कुठं मिळालं तर आणा."

*

आजोबा झाडाच्या बुंध्यावर उभं राहून भाषणं ठोकायचे. पार्कातल्या पिकनिकला बुंधा कुठला? दादा एस्कीवर, म्हणजे बर्फाच्या पेटीवर चढला. गर्दी जमली, कोणी हलेना. दादा चांगलाच रंगात आला. शेवटी म्हणाला, "काही प्रश्न?"

"दादा, जरा उतरतोस का? कोल्ड्रिंक आत आहेत."

*

तिसऱ्या इलेक्शनला मात्र आम्ही कुणी हसत नव्हतो. शाळेसमोर पोरं जीव मुठीत धरून रस्ता ओलांडतात, त्यांतच त्याची लेक सई. तिथं झेब्रा क्रॉसिंग हवं, म्हणून दादा इरेला पेटला होता. या वेळी पडलो तर पुन्हा उभा राहणार नाही, असं त्यानं वहिनींना सांगून टाकलं होतं.

मराठी मंडळात भाषण झालं. आजोबा तोंडानं मत मागत नसत, म्हणून यानंही मागितलं नाही. फक्त पुन्हा पुन्हा बजावलं, की प्रत्येक नावासमोर नंबर घाला, एकही चौकोन रिकामा ठेवू नका, नाहीतर मत बाद. इथं शिक्का नसतो, पसंतीच्या क्रमानं नंबर घालायचे, सगळ्यात आवडत्याला एक.

गाडीत सई म्हणाली, "बाबा, यू फरगॉट टू से व्होट फॉर मी."

आपल्याच माणसांना काय सांगायचं, म्हणून दादा हसला.

थोडक्यात पडला.

निकालाच्या आर्वोला, म्हणजे दुपारी, आम्ही सगळे त्याच्या घरी जमलो. वहिनींनी पानं घेतली, पण जेवायची इच्छा कुणालाच नव्हती. भजनी मंडळाच्या सुधामावशी तर रडायलाच लागल्या. त्या आणि त्यांच्या मैत्रिणी नुकत्याच सिटिझन झालेल्या, आयुष्यात पहिल्यांदा इथं मत दिलेलं.

"असं कसं झालं रे विनू? आम्ही सगळ्याजणी एकत्र बसून अगदी रीतीनं नंबर घातले. आधी परके, मग ओळखीचे. तू घरचा. पंगतीत घरच्याला कुणी आधी वाढतं का? तुला शेवटी ठेवलं."

दादानं स्वतःपुढचं वाढलेलं ताट उचललं आणि मावशींच्या पुढ्यात ठेवलं.

"मावशी, आधी तुम्ही. मी घरचा."