फौजेनं दिलेलं एक वर्ष

खानापूरजवळच्या एका खेड्यातला रवळू मॅट्रिक झाला आणि १९४१ साली फौजेत भरती झाला. लग्नाला तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. फौजेत तो बिनतारी यंत्रावर संदेश पाठवायला शिकला आणि मग इटलीच्या डोंगरांत लढाईवर गेला. १९४६ च्या उन्हाळ्यात परतला तेव्हा डाव्या कानानं त्याला कमी ऐकू येत होतं.

जूनमध्ये तो बेळगावच्या एका कॉलेजात गेला. प्राचार्यांनी त्याचे फौजेतले दाखले शांतपणे वाचले. वीज, चुंबक, यंत्रांची दुरुस्ती.

"हे शिक्षण पहिल्या वर्षाच्या बदली धरता येईल," ते म्हणाले. "थेट दुसऱ्या वर्षाला, इंटरला बसा."

रवळू घरी आला. बायको, गुणाबाई, तांदूळ निवडत होती. तिच्याजवळ बसून तो म्हणाला, "यंत्र दुरुस्त करतो मी, पन ते का चालतंय ते न्हाय म्हाईत. पोरांम्होरं हसं हुईल. पयल्यापास्नंच शिकतो."

गुणाबाईचे हात थांबले. "पाच वर्सं वाट बघितली मी. त्यातलं एक कुनीतरी परत देतंय, आनि तुमी नगं म्हन्ता?" मग खाली बघत म्हणाली, "आनि या बारीला एकट्यानं जायाचं न्हाय. मीबी येनार."

रवळूनं इंटरला नाव घातलं आणि दोघांनी बेळगावात लष्करी कॅम्पाजवळ एक खोली घेतली. सुटलेल्या वर्षाचं पुस्तक रवळू रोज सकाळी तिला मोठ्यानं वाचून दाखवी. ती चुलीपुढून उठून त्याच्या उजव्या बाजूला येऊन बसे आणि अडेल तिथं विचारी.

"तारंतनं वीज का धावती?"

पुस्तकातलं उत्तर तिला पटेना. रवळूनं डोकं खाजवलं. "आपल्या वरच्या वाफ्यातलं पानी खालच्या वाफ्यात का जातंय?"

"उतार हाय म्हनून."

"विजेलाबी तसाच उतार लागतोय."

"एवढंच व्हय!" ती हसली. रवळू मात्र पुस्तकाकडे बघतच राहिला. त्यालाही ते आत्ताच उमगलं होतं.

वर्गातली पोरं त्याला हसली नाहीत. प्रयोगशाळेत काही अडलं की त्यालाच हाक मारू लागली.

१९४७ च्या उन्हाळ्यात निकाल लागला. फळ्यावर आपला नंबर त्यानं तीनदा वाचला. घरी येऊन त्यानं "पास झालो" म्हणून सांगितलं. गुणाबाईनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पदरानं डोळे टिपले.

"आता फुडं किती वर्सं?"

"दोन."

"मग गावाकडनं तांदूळ मागवा," ती म्हणाली, "हितला काय गोड लागत न्हाय."