रेड्याला गिऱ्हाईक

मला सांगा, विश्वास कुणावर ठेवायचा? गाडी विकणाऱ्यावर, की घेणाऱ्यावर? तुम्ही म्हणाल, "भाऊ, सेकंडहँड गाड्या विकणाऱ्यावर तर मुळीच नाही!" बरं. पण अमेरिकेत, शॉमबर्गला जुन्या गाड्यांचा लॉट टाकल्यापासून मी गिऱ्हाइकंही पाहतोय. हिवाळाभर लॉटच्या कोपऱ्यात बर्फ ढकलत गेलं की एप्रिलपर्यंत त्याचा डोंगर होतो, तसे किस्से साठलेत. त्यातले एकाच गाडीचे सांगतो.

गाडी होती स्टॅम्पीड. लांबलचक नाक, दोनच दारं, व्ही-एट इंजिन, बॉनेटवर हवा ओढायला भली मोठी नाकपुडी. एकेकाळी अमेरिकन पोरं हिच्यासाठी उन्हाळाभर बर्गर तळायची. माझ्याकडे आली ती मात्र ऐंशी सालानंतरची. पेट्रोल महागलेलं, धुराचे कायदे आलेले. माझा मेकॅनिक फ्रँक म्हणायचा, "इंजिनचा जोर निम्मा केला आणि वरचे नक्षीचे पट्टे दुप्पट!" रंगाने काळी कुळकुळीत, म्हणून आमच्या मराठी मंडळात तिचं नाव पडलं रेडा.

माझी बायको शोभा म्हणाली, "रेड्यावर बसून कोण येतो ते ठाऊक आहे ना? विकून टाका लवकर!"

विकायचं काय, मंडळातल्यांना माझा शब्दच होता: तीन महिन्यांत नाही आवडली तर परत घेईन. त्या शब्दावर तर माझा धंदा चालायचा.

* * *

पहिली घेतली महेशने. नागपूरचा, बिनलग्नाचा इंजिनिअर. आठवडाभर नुसता पार्किंग लॉटमध्ये इंजिन गुरगुरवत बसायचा. मग नागपूरहून आई आली. मागची सीट म्हणजे डबा ठेवायची जागा! पुढची सीट वाकवून, नऊवारी सांभाळत माउली कशीबशी आत शिरली. गणपतीला हॉलवर पोचले, तर बाहेर निघता येईना. महेश ओढतोय, मंडळातले दोघं पलीकडच्या दारातून ढकलतायत.

शेवटी आई आतूनच म्हणाली, "राहू दे रे. आरतीचं ताट इकडेच आण!"

सोमवारी रेडा परत.

* * *

मग देशपांडेकाका. पन्नाशी उलटलेली, पण हौस दांडगी. आधी इन्शुरन्सवाल्याला फोन केला. त्याने विचारलं, "घरी ड्रायव्हिंग करणारं आणखी कोण?"

"मिसेस. आणि मुलगा, सोळा वर्षांचा."

पलीकडून हप्त्याची रक्कम आली, मुलापायी दुप्पट. काका म्हणाले, "गाडी घेतो. मुलगा परत घ्यायची काही सोय आहे का?"

* * *

तरी त्यांनी घेतली. मुलाला गाडीला हात लावायचा नाही अशी तंबी! एका रविवारी गोल्फ रोडच्या सिग्नलला काका रेड्यात, मुलगा शेजारी. बाजूच्या लेनमध्ये काकू, त्यांच्या चिमुकल्या जपानी हॅचबॅकमध्ये, श्रीखंडाचं पातेलं घेऊन मंडळातच निघालेल्या. काकांनी रेडा असा डरकावला की पलीकडच्या फुटपाथवरचं कुत्रं बसलं. सिग्नल हिरवा झाला. काकू पुढे!

मुलगा म्हणाला, "डॅड, मॉम जस्ट बीट यू. विथ श्रीखंड!"

काकूंनी हॉलवर फक्त एवढंच विचारलं, "अहो, आवाज इकडपर्यंत आला. तुम्ही कुठे राहिलात?"

रेडा परत.

* * *

त्याच सुमारास कंपनीने स्टॅम्पीड बंद केली. फ्रँकने बातमी ऐकली, रेड्याच्या बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. तरुणपणी त्याच्याकडे अगदी पहिल्या वर्षीची स्टॅम्पीड होती. मी म्हटलं, "फ्रँक, घेतोस का ही? स्वस्तात देतो."

डोळे पुसत म्हणाला, "माझं प्रेम आहे तिच्यावर. मी वेडा नाहीये!"

* * *

आता मंडळात कुजबुज सुरू झाली. भाऊ आपल्याच माणसांच्या गळ्यात काय वाटेल ते बांधतात म्हणे! दोघांनी ठरलेले सौदे कॅन्सल केले. शोभाने बजावलं, "आणखी एकदा परत आली, तर मराठी गिऱ्हाईक विसरा."

नोव्हेंबरात सावंत आले. पेंटच्या लॅबमध्ये केमिस्ट. मी काही लपवलं नाही. सांगितलं, "नाक जड, शेपूट हलकं. जोर मागच्या चाकांना. बर्फात नाचते." फ्रँकने उपाय सांगितला: डिकीत वाळूची पोती टाका, मागची चाकं रस्ता धरतील.

"वाळू विकत घ्यायची?" सावंत म्हणाले. "आणि उन्हाळ्यात तिचं करायचं काय?" गेले तडक डेव्हन अ‍ॅव्हेन्यूला, आपल्या देशी दुकानांच्या रस्त्यावर, आणि वाण्याकडून बासमतीची मोठमोठी पोती आणून डिकी गच्च भरली.

डिसेंबरात दर शनिवारी फोन. "भाऊ, काय गाडी आहे! रेल्वेसारखी चालते!" मी मंडळात मान वर करून हिंडू लागलो.

फेब्रुवारीत एका सकाळी रेडा लॉटमध्ये शिरला तो आडवा. एक गिरकी घेतली, माझे झेंडे लावलेला खांब पाडला आणि ऑफिसच्या दाराशी थांबला. शोभाने माझ्याकडे पाहिलं. मी ड्रॉवरमधून चेकबुक काढलं.

सावंत उतरले. दुसऱ्या दाराने रजनीवहिनी उतरल्या.

"घेतो परत," मी म्हटलं. "शब्द म्हणजे शब्द."

"परत? गाडीत काही खोट नाही, भाऊ!" सावंतांनी डिकी उघडली. आत एक पोतं, तेही अर्धं; मागचं वजनच गायब.

वहिनी म्हणाल्या, "मीच काढत गेले, यांना न विचारता. संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. मग यांच्या लॅबवाल्यांना पुलाव. मग तुमच्याच मंडळाचा मसालेभात!"

सावंतांनी बायकोपुढे अक्षरशः हात जोडले. "रजनी, हवं त्याला जेवायला घाल. पण डिकीतून वाटीभर जरी काढलास, तरी मला खरा हिशेब देत जा!"