दोऱ्यात गुंडाळलेल्या बांगड्या

"हात सैल सोड गं. तुझा न्हाय, माझा हाय असं समज."

निपाणीत आमच्या गल्लीत बांगड्या भरायला येणारी कासारीण आधी तोंडाकडे बघायचीच नाही. अंगठ्याखालचा मांसल भाग दाबायची आणि त्यावरून आपली खुशाली आपल्यालाच सांगायची. असं एखादं माणूस तुम्हीही पाहिलं असेल.

माझी थोरली तेव्हा तीन वर्षांची होती. बोलत नव्हती. वखारीतून तंबाखूच्या गाड्या निघाल्या की कान दाबून कोपऱ्यात बसायची. तेही चाललं असतं. पण मी जवळ घ्यायला हात पुढे केला की किंचाळायची. माझ्या हातचा घास थुंकायची आणि विधवा आतेसासूबाईंच्या हातून गुमान जेवायची. "आईचाच हात वाईट," असं गल्ली म्हणू लागली. शेवटी सासूबाईंनी ठरवलं, आतेसासूबाईंबरोबर तिला बेळगावला नणंदेकडे पाठवायचं. तिथेच वाढेल. मी तिचे कपडे बांधायला घेतले. मला बोलायला जमतच नसे.

त्याच आठवड्यात कासारीण आली. हात धरून म्हणाली, "जेवत न्हाईस व्हय?" मग तिने मुलीकडे पाहिलं. मुलगी आतेसासूबाईंच्या मोकळ्या हातांत शांत बसली होती. कासारणीने माझं मनगट एकदाच हलवलं. बांगड्या वाजल्या. मुलीने कान दाबले.

"पोर तुला भीत न्हाय गं. माझ्या मालाला भीतंय."

सासूबाई चिडल्या. "मग सवाशिणीनं उघड्या हातानं फिरायचं काय?"

"तसं कोण म्हणतंय, आक्का? हाईत तेवढ्या ऱ्हातील. मोजून घ्या."

पेटीतल्या बांगड्यांच्या माळेचा मऊ सुती दोरा सोडून तिने माझ्या दोन्ही हातांतल्या बांगड्या एकत्र गुंडाळल्या. "आता घे तिला. हळू बोट लावू नको, तेबी तिला सोसत न्हाय. मी हात धरते तसं घट्ट धर."

मी घट्ट धरलं. ती आधी ताठ झाली. मग अंग सैल सोडून माझ्या छातीला टेकली. मला रडूही येईना, इतकं हलकं वाटलं.

कासारीण पेटी आवरत म्हणाली, "ह्या आता लवकर फुटायच्या न्हाईत. धंदा बुडाला माझा."

बेळगावचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत काच मिळेनाशी झाली आणि कासारीण यायची थांबली. कुठे गेली, कळलं नाही. मुलगी आता मोठी झाली आहे. अजून फारसं बोलत नाही. पण मी बाजारातून नव्या बांगड्या भरून आले, की दोरा घेऊन समोर बसते. गुंडाळायच्या आधी माझा हात हातात घेते आणि अंगठ्याखाली दाबून बघते.