तिबुर्सियोचा फोन

मार्काला गावच्या कॉफी-संघाच्या सभागृहात स्पीकरची वायर जोडायचं काम म्हातारा तिबुर्सियो करायचा. त्या दिवशी तांबेरा रोगावर बोलायला आलेल्या यादिराबाईंच्या नव्या फोनला वायरीचं गोल भोकच नव्हतं. तिबुर्सियोने खिशातला आपला जुना फोन पुढे केला. बाईंनी भाषणात दाखवायचा व्हिडिओ त्यात घेतला, पण त्यांना काळजी वाटली.

"काका, मध्येच तुम्हाला कुणाचा फोन आला तर?"

"नाही येत, बाई. मुलगा अमेरिकेत गेला, त्यालाही तीन वर्षं झाली. तुम्ही निवांत बोला."

बाई तासभर बोलल्या. शेवटी टाळ्या पडल्या. तेवढा वेळ तिबुर्सियो मात्र स्पीकरला खेटून, फोन वाजतोय का म्हणून कान देऊन उभा होता. मग त्याने वायर गुंडाळली.