दोनशे बारा चिठ्ठ्या

माझी धाकटी जाऊ कायद्याच्या कॉलेजात सव्वीस वर्षे शिपाई होती. देवाने तिला सगळे दिले, फक्त हळू बोलायची सोय दिली नाही. ती कानात बोलली तरी शेजारच्या घरातून उत्तर येई.

कॉलेजात समान संधीचे आणि विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेचे धोरण आले, तेव्हा ते चौकटीत घालून भिंतीवर लावले गेले. खाली लाल तक्रारपेटी. ‘तक्रार गुप्त राहील’ असे तिच्यावर ठळक अक्षरांत होते. पेटी मात्र ठोकली होती हेडक्लार्कच्या टेबलासमोर. का, तर चोरीला जाऊ नये! दर शुक्रवारी तीन वाजता समिती येई, रिकामी पेटी उघडून पाही आणि चहा पिऊन जाई. प्राचार्य पाहुण्यांना अभिमानाने सांगत, “दोन वर्षांत एकही तक्रार नाही.”

“फटीत कोळ्याने घर केलंय,” जाऊ म्हणे. “धोरणाचा फायदा झाला तो एवढ्या एकालाच.”

एका गुरुवारी तिसऱ्या वर्षाची एक मुलगी तिला जिन्याखाली गाठून रडली. सोमवारी परीक्षा आणि हेडक्लार्क तिचे प्रवेशपत्र देत नव्हता. “पाचनंतर ये, एकटीच ये,” असे आठ दिवस चालले होते. ती गेली नाही, म्हणून कागद अडला.

“मग टाक की पेटीत चिठ्ठी!”

“त्यांच्या डोळ्यांदेखत? मावशी, हळू बोला ना!”

तोवर वरच्या मजल्यावरून दोन डोकी वाकली होती. मुलगी पळाली.

संध्याकाळी जाऊ माझ्याकडे आली. पुढ्यातल्या चहावर साय धरली तरी तिने कप उचलला नाही.

“तिची चिठ्ठी तूच टाक,” मी सुचवले.

“आणि त्याने विचारलं कोणाची, तर? जाऊबाई, मला खोटं बोलता येतं, हळू बोलता येत नाही. शिवाय दोन वर्षांत एकच चिठ्ठी पडली, तर ती कोणाची हे ओळखायला ज्योतिषी कशाला लागतोय?”

मग ती गप्प बसली. माझ्या डायरीत त्याची नोंद आहे: सहा दहा ते सहा बारा. एवढा वेळ ती गप्प राहिल्याची दुसरी नोंद माझ्याकडे नाही.

शुक्रवारी सकाळी तिने नोटिशीचे रजिस्टर काखेत मारले आणि वर्गावर्गांत जाऊन गरजली, “प्रत्येकाने पेटीत चिठ्ठी टाकायची! मुलांनीही! तक्रार नसेल तर कोरी टाका, पण घडी घालून. समान संधी आहे!”

मधल्या सुट्टीत रांग जिन्यापर्यंत गेली. हेडक्लार्क खुर्चीतून उठला.

“बाई, काय तमाशा आहे हा? परवानगी कोणाची?”

“चिठ्ठी टाकायला परवानगी लागते होय? मग तेही लिहून लावा, साहेब. चौकटीत जागा आहे.”

पेटी गच्च भरली, तेव्हा तिने पट्टीने चिठ्ठ्या खाली ढकलल्या. ती मुलगी रांगेत होती की नाही, हे तिने पाहिले नाही. मुद्दाम भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

तीन वाजता समितीच्या अध्यक्षीण बाईंनी पेटी उघडली. त्या निवृत्त न्यायाधीश होत्या, चष्मा पुसून त्यांनी एकेक चिठ्ठी वाचली. एकूण दोनशे बारा. बहुतेक कोऱ्या. एकीत पंख्याची कुरकुर, एकीत कँटीनचा पाणचट चहा. एका होतकरू वकिलाने ग्रंथालयातल्या मोडक्या खुर्चीविरुद्ध सात पानी अर्ज केला होता आणि शेवटी नुकसानभरपाई मागितली होती. शिपाईबाईंच्या आवाजाने व्याख्यानात झोपमोड होते, अशा पाच.

आणि हेडक्लार्कविरुद्ध चार. चार वेगळी अक्षरे. तिघींनी लिहिले होते, “गेल्या वर्षी मला ‘पाचनंतर ये’ म्हणाले.”

त्या दिवशी समितीने चहा घेतला नाही. हेडक्लार्कला चौकशी होईपर्यंत घरी बसवले आणि उरलेली प्रवेशपत्रे ग्रंथपाल बाईंच्या ताब्यात दिली. प्राचार्यांनी विनापरवाना रांग लावल्याबद्दल जाऊला मेमो दिला. उत्तर मी लिहून दिले. “आवाजाच्या पाचही तक्रारी मान्य” हे वाक्य तिने आपणहून घालायला लावले.

शनिवारी अकरा वाजता, भरल्या ग्रंथालयात, त्या मुलीला प्रवेशपत्र मिळाले. तिने नाव, नंबर, केंद्र दोनदा तपासले. मग कोपऱ्यातले टेबल गाठून पुस्तक उघडले. आठ दिवसांचा अभ्यास राहिला होता आणि सोमवारचा पेपर पुराव्याच्या कायद्याचा होता.